वार खाली आहे असं रिपोर्टात आलंय, प्लासेंटा प्रीव्हिया म्हणजे नेमकं काय?

चाफेकळी
नमस्कार सगळ्यांना. मला २१वा आठवडा चालू आहे, दुसरं बाळंतपण, पहिलं चार वर्षांपूर्वी सिझर झालं होतं. परवा पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाचं सगळं नीट आहे म्हणाले, हृदयाचे चारही कप्पे, मणका, ओठ, सगळं स्क्रीनवर दाखवलं, मी खुशीत बाहेर आले आणि गाडीत बसून रिपोर्ट उघडला तर शेवटच्या ओळीत लिहिलंय प्लासेंटा पोस्टिरिअर, लो लाइंग, खालची कड इंटर्नल ऑसपासून ६ मिमी, ग्रेड १. सोनोग्राफीवाल्यांनी याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आमच्या मॅडमची तारीख आठ दिवसांनी आहे, आणि तोपर्यंत मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसलेय. जे वाचते त्यात रक्तस्राव, पिशवी काढावी लागली, असलंच काहीतरी असतं.

घरात म्हणतायत की मोठ्याला कडेवर घेतलं म्हणून वार खाली सरकली. तेव्हापासून मी त्याला उचललेलंच नाही. तो हात वर करून उभा राहतो आणि मी खाली बसून त्याला जवळ घेते, त्याला कळत नाही आईला काय झालंय ते. खरंच माझ्यामुळे झालं का हे? आणि ग्रेड १ म्हणजे किती वाईट? आपोआप वर जाते असं पण वाचलं, ते खरं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

निळीशाई
अगं आधी शांत हो. माझी सेम स्टोरी, २० आठवड्यांना ८ मिमी होती, मी पण अशीच रडत होते. ३२व्या आठवड्याला परत बघितलं तर ४१ मिमी. नॉर्मल डिलिव्हरी झाली, काही त्रास नाही. बहुतेकींची वर जाते. तू आठ दिवस थांबू नकोस, मॅडमना फोन करून रिपोर्ट वाचून दाखव, त्या दोन मिनिटांत सांगतील.

कवडसा
निळीशाईचं बरोबर आहे पण एक फरक लक्षात घ्या, तुझी वार पुढच्या भिंतीला होती की मागच्या? आणि तुझं पहिलंच होतं ना? चाफेकळीची पोस्टिरिअर, म्हणजे मागच्या भिंतीला आहे, आणि तिचं आधी सिझर झालंय. मला माझ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं की आधीचं सिझर असेल किंवा वार मागच्या बाजूला असेल तर वर जायचं प्रमाण कमी होतं. घाबरवायला नाही लिहीत, पण "सगळ्यांची जाते" ऐकून ३२व्या आठवड्याची सोनोग्राफी टाळलेली एक मैत्रीण माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून.

निळीशाई
हो माझी पुढच्या भिंतीला होती आणि पहिलंच होतं. हे मला माहीतच नव्हतं, थँक्स.

डॉ_पारिजात
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे जमेल तसं लिहिते. रिपोर्टची फाईल मी बघितलेली नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं शेवटचं समजा.

सगळ्यात आधी मुलाला कडेवर घेण्याबद्दल. वार कुठे लागणार हे गर्भ पिशवीत रुजतो तेव्हाच ठरतं, म्हणजे फलनानंतर साधारण सहा ते दहा दिवसांत. तेव्हा तुम्हाला दिवस गेलेत हे कळलेलंही नसतं. वजन उचलून, जिने चढून, प्रवास करून वार खाली येत नाही. आधीचं सिझर, आधी झालेलं क्युरेटिंग, जुळी, पस्तिशीनंतरचं बाळंतपण, आयव्हीएफ, धूम्रपान, बरीच बाळंतपणं झालेली असणं, यात शक्यता वाढते. आणि यातलं काहीच नसतानाही होतं. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही.

आता नावं. वार पिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूवर (रिपोर्टात लिहितात ते इंटर्नल ऑस) आलेली असेल, मग थोडी असो की पूर्ण, तर तो प्लासेंटा प्रीव्हिया. तोंडावर आलेली नाही पण कड २० मिमीच्या आत आहे तर लो लाइंग. तुमची ६ मिमी आहे म्हणजे लो लाइंग. पूर्वी प्रीव्हियाचे १ ते ४ असे टाइप किंवा ग्रेड सांगायचे, आता तसं फारसं लिहीत नाहीत, मिमीमध्ये अंतर लिहितात आणि तेच जास्त उपयोगाचं. तुमच्या रिपोर्टातला ग्रेड १ हा वेगळाच आहे. तो वार किती पिकली, तिच्यात कॅल्शिअम किती दिसतंय त्याचा, ० ते ३ असा असतो, आणि वार वर आहे की खाली याच्याशी त्याचा काही संबंध नाही. या एका शब्दाने किती जणी घाबरून येतात सांगू शकत नाही.

वर जाते म्हणजे काय, तर वार चालत वर जात नाही. ती जिथे चिकटली तिथेच असते. पिशवीचा खालचा भाग, तोंडाच्या लगेच वरचा, गरोदर नसताना जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर असतो आणि दिवस भरत येईपर्यंत ताणून सात ते दहा सेंटीमीटर होतो. हा बराचसा ताण शेवटच्या तीन महिन्यांत येतो. फुगा अर्धा फुगवून तोंडापासून बोटभर अंतरावर टिकली लावा आणि मग पूर्ण फुगवा, टिकली तोंडापासून लांब गेलेली दिसेल, तसंच हे. शिवाय वारेची खालची कड, जिथे रक्तपुरवठा कमी, तिथे सुकत जाते आणि वरची कड वाढत जाते. म्हणून २० आठवड्यांना खाली दिसलेल्या दहातल्या साधारण नऊ जणींची शेवटपर्यंत वर गेलेली असते. दिवस भरताना खरा प्रीव्हिया राहतो तो साधारण दोनशे बाळंतपणांत एक. वार टिकलीएवढी लहान नसते आणि मागच्या भिंतीचा किंवा टाक्यांच्या व्रणाजवळचा भाग तसा ताणत नाही, त्यामुळे कवडसा म्हणतात ते बरोबर आहे, तुमच्या बाबतीत जरा जास्त लक्ष ठेवायचं.

पुढची सोनोग्राफी ३२व्या आठवड्याला, आणि ती खालून, म्हणजे टीव्हीएस करून घ्या. बायका याला घाबरतात, की वार खाली असताना खालून तपासलं तर रक्त जाईल. तसं होत नाही, प्रोब पिशवीच्या तोंडाच्या अलीकडेच थांबतो, आत जात नाही. पोटावरून बघताना मागच्या वारेची कड बाळाच्या डोक्याच्या सावलीत जाते, आणि लघवीची पिशवी भरलेली असेल तर तिच्या दाबाने दोन्ही भिंती चिकटून वार उगाच खाली दिसते. खालून बघितलं की मिमीमध्ये नेमकं कळतं.

एक गोष्ट मात्र आजच पाठ करा. अंगावरून लाल गेलं, अगदी रुपयाएवढा डाग असला तरी, पोटात दुखत नसलं तरी, थेट हॉस्पिटल. सकाळ होऊ दे, थांबलं तर बघू, असं नाही. आणि हॉस्पिटलात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच, की माझी वार खाली आहे, हाताने आतून तपासू नका. वार कुठे आहे ते सोनोग्राफीत बघितल्याशिवाय बोटाने तपासायचं नसतं, वारेला धक्का लागून एकदम जोरात रक्त सुरू होऊ शकतं. शारीरिक संबंधही तूर्त बंद ठेवा.

चाफेकळी
डॉक्टर, तुम्ही केवढं लिहिलंत. फुग्याचं वाचून मी खरंच फुगा आणला आणि टिकली लावून नवऱ्याला दाखवलं. आणि आज मोठ्याला मांडीवर घेऊन झोपवलं. खूप दिवसांनी.

मॅडमशी पण बोलले, त्यांनीही ३२व्या आठवड्याला टीव्हीएस सांगितली. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, याचा काही संबंध?

डॉ_पारिजात
आहे. वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, रक्त गेलं की बाळाचं थोडं रक्त तुमच्या रक्तात मिसळण्याची शक्यता असते, तुमच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार उभारू नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं. २८व्या आठवड्याचं घेतलेलं असलं तरी रक्त गेल्यावर परत विचारायचं. आणि तुमच्या गटाचं रक्त पटकन मिळेल का हे आत्ताच हॉस्पिटलात बोलून ठेवा.

बाबा_होणार
मी इथे फक्त वाचायला येतो पण आज लिहितोय, बायकोची वार पूर्ण तोंडावर आहे, २८ आठवडे. तिला झोपूनच ठेवायचं का? सगळे म्हणतात पलंगाचा पायथा उंच कर, बाथरूमलाही चालत पाठवू नको. ती दिवसभर छताकडे बघत पडलेली असते आणि आता तिचं कशातच मन लागत नाही. मी काय करू शकतो ते सांगा.

डॉ_पारिजात
पूर्ण झोपून राहिल्याने वार वर जाते किंवा रक्त जायचं टळतं असा पुरावा नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, स्नायू ढिले पडतात आणि मन खचतं ते तुम्ही बघताच आहात. रक्त गेलेलं नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळं कारण सांगितलं नसेल तर घरात हिंडूफिरू द्या, बसून करायची कामं करू द्या. जड उचलणं, दगदग, लांबचा प्रवास नको. हिमोग्लोबिन बघा आणि कमी असेल तर गोळ्यांनी भागतंय की शिरेतून आयर्न द्यावं लागेल ते विचारा. रक्त जाणारच असेल तर ते अकरा-बाराच्या हिमोग्लोबिनवर जाणं आणि आठच्या हिमोग्लोबिनवर जाणं यात फार अंतर आहे.

तुमचं काम म्हणाल तर, जिथे बाळंतपण होणार तिथे रक्तपेढी आणि बाळांचा आयसीयू रात्रीही चालू असतो का, हे स्वतः जाऊन विचारून या.

कवडसा
यात मी भर घालते. फाईल दाराजवळ ठेवा, सोनोग्राफीचा शेवटचा रिपोर्ट सगळ्यात वर. आमच्या वेळी फाईल कपाटात, किल्ली दुसऱ्याच पर्समध्ये, आणि मी पॅड धरून दारात उभी. गाडी कोण चालवणार, तो नसेल तर दुसरा कोण, मोठं मूल असेल तर त्याच्याजवळ कोण थांबणार, हे आधी ठरवून ठेवा. दहा मिनिटं तिथेच जातात.

दोन_पिल्लांची_आई
हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, जिला ऐकायचं नसेल तिने ही पोस्ट सोडून पुढे जा, पण ज्यांची दोन सिझर झालीत त्यांनी वाचाच.

माझं तिसरं होतं, आधीची दोन्ही सिझर. २० आठवड्यांनाच वार तोंडावर आणि पुढच्या भिंतीला, म्हणजे बरोबर जुन्या टाक्यांच्या व्रणावर. पहिल्या ठिकाणी सांगितलं की वर जाईल, काळजी करू नका. माझ्या बहिणीने हट्ट धरला म्हणून दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली, तिथे बघणाऱ्या डॉक्टर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. वार आणि लघवीच्या पिशवीच्या मधली पांढरी रेघ जागोजागी तुटलेली होती आणि वारेत मोठमोठे काळे खळगे होते, त्यांनी ते मला बोट ठेवून दाखवलं. ॲक्रीटा. वार पिशवीच्या स्नायूत रुतलेली. वरवर रुतली तर ॲक्रीटा, स्नायूत खोल गेली तर इन्क्रीटा, स्नायू पार करून बाहेर लघवीच्या पिशवीपर्यंत गेली तर परक्रीटा, असं नंतर समजलं.

वार तोंडावर असताना दुसरं सिझर असेल तर असं व्हायची शक्यता ११ टक्क्यांच्या आसपास आणि तिसरं असेल तर ४० टक्के, हे आकडे मला तिथे सांगितले. माझं तिसरं होतं.

३५व्या आठवड्यात ठरवून ऑपरेशन केलं. बाळ वरच्या बाजूने काढलं, वार ओढायचा प्रयत्नच केला नाही, कारण ओढली तर रक्त थांबत नाही, नाळ बांधून वार आत ठेवून पिशवीसकट काढली. अंडाशय ठेवले. मूत्ररोगाचे सर्जन आधीपासून थिएटरमध्ये उभे होते, रक्ताच्या पिशव्या तयार होत्या. आज मुलगी दीड वर्षाची आहे, मी आहे. आधी माहीत नसतं आणि नेहमीचं सिझर समजून कुणी वार ओढली असती तर काय, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

म्हणून विचारा. वार पुढच्या भिंतीला आहे का, व्रणावर आहे का, आणि असेल तर ॲक्रीटासाठी मुद्दाम बघितलंय का. रिपोर्टात तसं वाक्य लिहून घ्या.

चाफेकळी
ताई, दोनदा वाचलं. तुम्ही हे लिहिलंत त्यासाठी काय बोलू. माझी मागे आहे तरी मी विचारणार.

डॉ_पारिजात
आकडे बरोबर आहेत. पहिलंच सिझर असताना प्रीव्हिया असेल तर ते प्रमाण साधारण ३ टक्के असतं, पुढे प्रत्येक सिझरगणिक वाढत जातं. मागच्या वारेतही ॲक्रीटा होऊ शकतो, फक्त सोनोग्राफीत दिसायला अवघड, अशा वेळी कधी कधी एमआरआय करतात.

अनघड
माझा वेगळा प्रश्न आहे. माझ्या वहिनीला आठव्या महिन्यात रक्त गेलं आणि प्रचंड दुखत होतं, पोट दगडासारखं. तिची वार वर होती असं रिपोर्टात होतं. मग ते काय होतं? बाळ वाचलं नाही. आम्हाला कुणी नीट समजावलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

डॉ_पारिजात
फार वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिता त्यावरून ते वार सुटणं वाटतं, अब्रप्शन. वार जागच्या जागी असते पण बाळ जन्माला यायच्या आधीच भिंतीपासून सुटते आणि मधे रक्त साठतं. प्रीव्हियात बहुतेक वेळा लालभडक रक्त जातं आणि दुखत नाही, पोट मऊ असतं. अब्रप्शनमध्ये दुखतं, पोट कडक होतं, मधे सैल पडत नाही, आणि रक्त आतच साठत असेल तर बाहेर थोडंच दिसतं. त्यामुळे बाहेर किती गेलं यावरून अंदाज घेऊ नये. रक्तदाब वाढलेला असणं, पोटाला मार लागणं, आधी एकदा असं झालेलं असणं ही त्याची मोठी कारणं, पण पुष्कळदा कारण सापडत नाही. सोनोग्राफीत ते दिसेलच असंही नाही. वहिनींना सांगा की आधीचा रिपोर्ट चुकीचा नव्हता आणि त्यांच्या हातून काही राहिलं नव्हतं. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्या भेटीतच हे सांगायचं.

अनघड
सांगते. खूप आभार. तीन वर्षं झाली, ती अजून म्हणते मी त्या दिवशी जास्त चालले होते.

चाफेकळी
अपडेट. ३२ आठवडे झाले, काल टीव्हीएस झाली. मी स्क्रीनकडेच बघत होते, त्यांनी एक टोक वारेच्या कडेवर ठेवलं आणि दुसरं तोंडाच्या आतल्या टोकावर, मधे ठिपक्यांची रेघ, आकडा आला ९ मिमी. दोनदा मोजायला सांगितलं मी. दोन्ही वेळा ९. अकरा आठवड्यांत तीन मिमी.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ॲक्रीटाची काही खूण नाही असं रिपोर्टात लिहून दिलं. मॅडम म्हणाल्या ३६ला परत बघू पण सिझरची मनाची तयारी ठेवा.

डॉ_पारिजात
तयारी ठेवलेली बरी. कड २० मिमीच्या पुढे असती तर नॉर्मल कळा येऊ द्यायला हरकत नसती, ११ ते २० मध्ये रक्त गेलं नसेल तर चर्चा करून प्रयत्न करता येतो, पण दहाच्या आत आणि आधीचं सिझर, तेव्हा तुमच्या मॅडमचं बरोबर वाटतं. आणखी एक विचारून घ्या, व्हासा प्रीव्हिया बघितलाय का. वारेची कड सुकत वर गेली की कधी कधी बाळाच्या रक्तवाहिन्या मागे राहतात, नुसत्या पडद्यातून तोंडावरून गेलेल्या, त्यांना वारेचं किंवा नाळेचं कवच नसतं. पाण्याची पिशवी फुटताना त्या फाटल्या तर जाणारं रक्त बाळाचं असतं, आणि बाळात असतंच किती. रंगीत डॉपलर लावून बघितलं की दिसतं, आणि आधी कळलं तर कळा यायच्या आधीच सिझर करून बहुतेक सगळी बाळं वाचतात. म्हणून ज्यांची वार वर गेली त्यांनीही हे एकदा विचारावं.

निळीशाई
हे मला कुणी विचारलंच नव्हतं तेव्हा. बरं झालं आता कळलं, बहिणीला लगेच पाठवते.

चाफेकळी
हॉस्पिटलातून लिहितेय. ३३ आठवडे २ दिवस.

काल रात्री पावणेतीनला जाग आली, मांड्या ओल्या आणि गरम लागल्या. मला वाटलं पाणी गेलं. दिवा लावला तर चादर लाल. दुखत काहीच नव्हतं, कळ नाही, पोट मऊ, बाळ तर चांगलं पाय मारत होतं, आणि खरं सांगते, दुखत नव्हतं म्हणून एक क्षण असं वाटलं की सकाळपर्यंत बघावं. मग इथलं आठवलं. नवऱ्याला हाक मारली, फाईल दाराजवळच होती, शेजारच्या काकूंना फोन केला, त्या मोठ्याजवळ येऊन झोपल्या. जाताना पॅड पूर्ण भिजलं, दुसरं लावलं, पहिलं पिशवीत घालून बरोबर नेलं, किती गेलं ते दाखवायला.

इमर्जन्सीत एक नवीन डॉक्टर होते, घाईत होते, त्यांनी ग्लोव्हज घातले आणि पाय वाकवा म्हणाले, आतून तपासतो. मी म्हटलं, माझी वार ९ मिमीवर आहे, हाताने आतून तपासू नका, रिपोर्ट सगळ्यात वर आहे. ते थांबले. रिपोर्ट वाचला, ग्लोव्हज काढले आणि सोनोग्राफी मशीन मागवलं. मला आवाज चढवावा लागला नाही, पण माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते.

आता रक्त थांबलंय. दोन्ही हातांना सलाईनच्या सुया आहेत, रक्त जुळवून ठेवलंय, अँटी-डी दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, उद्या त्याच वेळी दुसरं.

बाबा_होणार
ताई, तुमचं वाचून लगेच जाऊन बायकोला उठवलं आणि तेच वाक्य तिच्याकडून म्हणवून घेतलं. माझ्याही तोंडात बसवलंय. लवकर बऱ्या व्हा.

डॉ_पारिजात
फार छान केलंत. ते इंजेक्शन बीटामेथासोनचं असणार, १२ मिलिग्रॅमचे दोन डोस, २४ तासांच्या अंतराने. काही ठिकाणी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस देतात, बारा बारा तासांनी. बाळाच्या फुप्फुसांत हवेचे कप्पे चिकटू न देणारा पदार्थ तयार व्हायला त्याने मदत होते. प्रीव्हियातलं पहिलं रक्त बहुतेक वेळा आपोआप थांबतं, पण ते परत येऊ शकतं, दुसऱ्यांदा किती येईल सांगता येत नाही, म्हणून घरी कधी सोडायचं हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

रक्त का जातं हे कुणीतरी मला मेसेजमध्ये विचारलंय. खालची पिशवी ताणली जाते, पण वार ताणत नाही, त्यामुळे कड थोडी सुटते आणि तिथल्या आईच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. बाळंतपणानंतरही हीच अडचण. पिशवीच्या वरच्या भागातले स्नायू जाळीसारखे आवळले जाऊन वाहिन्या दाबून बंद करतात, खालच्या भागात स्नायू कमी, तो नीट आवळत नाही. दिवस भरताना पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त येत असतं. त्यामुळे यात बाळ बाहेर आल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं डॉक्टरांसाठी सगळ्यात कठीण.

चाफेकळी
झालं! ३६ आठवडे ३ दिवसांनी. मुलगी. २ किलो ६००.

मधे ३५व्या आठवड्यात परत थोडं गेलं म्हणून मला घरी सोडलंच नाही, आणि मग जास्त वाट न बघता तारीख ठरवली. पाठीत इंजेक्शन देऊन केलं, मी जागी होते. तिचं रडणं ऐकू आलं आणि लगेच पडद्यापलीकडचे आवाज बदलले, सक्शन किती झालं, अजून एक पिशवी जोडा, असं. ॲनेस्थेशियाच्या मॅडम माझ्या डोक्याशी होत्या, त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून सांगितलं की खालून रक्त जरा जास्त आहे, पिशवीत फुगा घालतायत, तुम्ही माझ्याशी बोलत राहा. फुगा म्हणजे खराच फुगा, सिलिकॉनचा, आत घालून सलाईनने भरतात, तो खालच्या भागाला आतून दाब देतो. दुसऱ्या दिवशी हळूहळू रिकामा करून काढला. दोन पिशव्या रक्त लागलं. पिशवी काढावी लागली नाही, पण तशा संमतीवर मी आदल्या रात्री सही केली होती, आणि सही करताना मॅडम पंधरा मिनिटं माझ्या पलंगावर बसून बोलल्या, कोणत्या पायरीनंतर काय करणार ते सगळं सांगितलं, म्हणून थिएटरमध्ये मी घाबरले तरी गोंधळले नाही.

बाळ दोन दिवस आयसीयूत होतं, श्वास जरा भरभर घेत होती, आता माझ्याजवळ आहे. मोठा आला, त्याने तिची बोटं मोजली आणि मग माझ्याकडे हात वर केले. टाके आहेत म्हणून नवऱ्याने त्याला उचलून माझ्या कुशीत ठेवलं.

दोन_पिल्लांची_आई
डोळ्यांत पाणी आलं गं. खूप खूप आशीर्वाद दोघींना.

कवडसा
अभिनंदन! आता हिमोग्लोबिनच्या गोळ्या बंद करू नकोस घाईने, रक्त गेलेलं भरून यायला वेळ लागतो. दूध कमी वाटलं तर तेही सांग डॉक्टरांना, जास्त रक्त गेलेल्यांना पहिले काही दिवस तसं होऊ शकतं.

बाबा_होणार
अभिनंदन ताई. आमचं ३४ आठवडे झालेत, अजून रक्त नाही, तारीख ३६ ते ३७च्या मधली दिली आहे. बायको आता रोज गॅलरीत खुर्ची टाकून बसते.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, एकच शेवटचं विचारते, पुढे कधी परत दिवस राहिले तर? आत्ता विचार नाही, पण माहीत असावं म्हणून.

डॉ_पारिजात
एकदा प्रीव्हिया झाला की पुढच्या वेळी परत व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि आता तुमची दोन सिझर झाली आहेत. त्यामुळे दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करा, गर्भ जुन्या व्रणात तर रुजलेला नाही ना हे बघायला, नंतर ते ओळखणं अवघड जातं. मधे किमान दीड-दोन वर्षं जाऊ द्या. आणि डिस्चार्ज कार्डवर भागवू नका, ऑपरेशन नोटची प्रत मागा. छेद कुठे घेतला, वार सहज सुटली का, फुगा किती मिलिलिटरने भरला, किती रक्त गेलं, हे त्यात असतं. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा तो कागद लागेल.

चाफेकळी
आज सकाळी जाऊन घेऊन आले. दोन पानं आहेत. वार सहज सुटली असं लिहिलंय, फुगा ३५० मिलिलिटर. मोठ्याच्या वेळची नोट पण मागितली, ती चार दिवसांत देतो म्हणालेत. दोन्ही एकाच फाईलमध्ये लावते.